वरच्या डेकची बोली

गुहागरहून मुंबईला बोटीने जायचे, तर आधी खाडी ओलांडून दाभोळ गाठावे लागे. मुंबई-गोवा मार्गावरच्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत जात. बहुतेक ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राही, उतारू पडावातून तिच्यापर्यंत जात आणि शिडीने वर चढत. चढलेल्या माणसाची जागा तिकिटाने आधीच ठरवलेली असे. डेकचे तिकीट असेल तर सतरंजी अंथरायची, गाठोडे उशाला घ्यायचे आणि अंग टेकेल तिथे पडायचे. अपर क्लासचे असेल तर वर. बोट सुटायच्या दोन दिवस आधी कुणी विचारायला येत नसे, की वरची जागा रिकामी आहे, किती देता बोला.

आता विचारतात. मोठ्या क्रूझ कंपन्यांचे आरक्षण झाले, पैसे भरून झाले, बॅगा भरायला घेतल्या, की एक मेल येतो. तुमची केबिन अमुक प्रकारची आहे, वरच्या दर्जाची हवी असेल तर बोली लावा. रॉयल कॅरिबियनने या योजनेला ‘रॉयलअप’ असे नाव दिले आहे, सेलिब्रिटी कंपनीकडे ती ‘मूव्हअप’ आहे, नॉर्वेजियनकडे ‘अपग्रेड ॲडव्हांटेज’. नावे निराळी असली तरी कल्पना एकच, आणि यांतल्या अनेक योजनांमागचे तंत्रही एकाच कंपनीचे: कॅनडातल्या माँट्रियलची, २००९ साली सुरू झालेली प्लसग्रेड. विमानातल्या बिझनेस क्लासच्या रिकाम्या खुर्च्या बोलीवर विकण्याची पद्धत आधी रुळली, मग ती समुद्रावर उतरली. एअर न्यूझीलंड, एतिहाद यांच्या प्रवाशांना ती जुनी आहे. एअर इंडियाच्या प्रवाशांनाही अलीकडे असा मेल येऊ लागला आहे.

कोकणच्या किनाऱ्याला हा विषय वाटतो तितका लांबचा नाही. जुनी बोटसेवा १९८०च्या दशकात थांबली. नव्वदच्या दशकात दमानिया कंपनीच्या वेगवान कॅटामरान बोटीने मुंबई-गोवा मार्ग काही काळ चालवून पाहिला. ऑक्टोबर २०१८मध्ये ‘आंग्रिया’ सुरू झाली. मूळची जपानी प्रवासी बोट, कान्होजी आंग्रे यांच्या नावाची, डॉर्मिटरीपासून खोल्यांपर्यंत तऱ्हेतऱ्हेच्या जागा असलेली. करोनाच्या लाटेत तीही बसली. सप्टेंबर २०२१पासून मुंबईहून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ सुटू लागली. ही बोट १९९०ची, म्हणजे तशी वयस्क. तिचे आधीचे बरेचसे आयुष्य रॉयल कॅरिबियनच्याच ताफ्यात गेले. शिवाय सिंगापूरहून सुटणाऱ्या बोटींवर मराठी कुटुंबे आता नवलाईची राहिलेली नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातली पोरे पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर नोकरीला जात आली; आता त्यांचे आईबाप पासपोर्ट काढून प्रवासी म्हणून चढतात. आणि कधीतरी त्यांच्याही मोबाइलवर तो मेल येतो.

मेलमधली लिंक उघडली की केबिनचे प्रकार एकाखाली एक दिसतात. सर्वांत स्वस्त ती आतली, बिनखिडकीची. त्यावर समुद्र दिसणारी, मग बाल्कनीची, आणि शेवटी स्वीट. आपल्या केबिनहून वरच्या प्रत्येक प्रकारासमोर एक सरकपट्टी, तिच्या एका टोकाला किमान आकडा, दुसऱ्या टोकाला कमाल. पट्टी सरकवली की शेजारचा काटा हलतो आणि बोली ‘कमकुवत’ आहे की ‘दमदार’ ते दाखवतो. एकाच वेळी दोनतीन प्रकारांवर बोली ठेवता येते, मंजूर मात्र एकच होते. मंजूर होईपर्यंत आकडा बदलता येतो, बोली मागेही घेता येते. मंजूर झाली की क्रेडिट कार्डवरून पैसे लगेच वळते होतात आणि ते परत मिळत नाहीत. नाहीच झाली, तर एक पैसाही जात नाही. जुनी केबिन कायम राहते.

वाचायला हे सरळ आहे. मेख आकड्यापुढच्या दोन बारीक शब्दांत असते: ‘प्रति व्यक्ती’. रॉयल कॅरिबियनच्या नियमानुसार बोली दोन माणसांच्या हिशेबाने धरली जाते. पट्टी १५० डॉलरवर थांबवली, तर कार्डवर ३०० डॉलर लागतात. केबिनमध्ये तिसरे-चौथे माणूस असेल तर त्याचे वेगळे पैसे नाहीत, ही गोष्ट पोरेबाळे घेऊन जाणाऱ्यांच्या फायद्याची. एकट्याने जाणाऱ्याला मात्र दोघांचे भरावे लागतात. वर भारतीय कार्डावर डॉलरचा व्यवहार झाला की बँकेचे परकीय चलनाचे शुल्क आलेच.

या साऱ्यामागचे कंपनीचे गणित समजून घेण्यासारखे आहे. बोट सुटली की रिकाम्या केबिनची किंमत शून्य होते, हे उघड आहे. पण क्रूझच्या धंद्यात बोट अगदीच रिकामी सुटणे कमी. तिथे एका केबिनला दोन माणसे धरून शंभर टक्के मोजतात, आणि बऱ्याच केबिनमध्ये तिघे-चौघे राहतात. त्यामुळे रॉयल कॅरिबियनने २०२३ सालची आपली भरती १०५ टक्क्यांहून जास्त दाखवली. मग रिकामे राहते काय? महागड्या केबिन. आणि बोट सुटायच्या तोंडावर गिऱ्हाईक येते ते स्वस्त केबिनचे. म्हणून कंपनीला माणसे वर सरकवायची असतात. आतल्या केबिनमधले जोडपे पैसे मोजून बाल्कनीत गेले, की आतली केबिन मोकळी झाली. ती शेवटच्या घटकेच्या गिऱ्हाइकाला पुन्हा विकता येते. बाल्कनीतला स्वीटमध्ये गेला, तर त्याच्या जागी खालचा बोलीवाला येतो आणि त्याची केबिन बाजारात. एका स्वीटच्या मागे अशी दोनतीन बिऱ्हाडे हलतात आणि प्रत्येक हलण्याचे पैसे मिळतात.

याला लिलाव म्हणतात खरे, पण हर्णैच्या पुळणीवरचा मासळीचा लिलाव ज्याने पाहिला आहे त्याला हा लिलाव ओळखू येणार नाही. तिथे माल समोर पडलेला असतो. पापलेट किती, सुरमई किती, ताजी की कालची, हे घेणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. शेजारच्याने किती चढवले ते कानांनी ऐकू येते, आणि त्यावर आपण दहा रुपये चढवायचे की गप्प बसायचे ते ठरवता येते. शेवटचा आकडा सगळ्यांसमोर पुकारला जातो. केबिनच्या बोलीत यातले काहीच नाही. किती केबिन शिल्लक आहेत, बोली लावणारे किती, त्यांनी काय लावले, गेल्या खेपेला केवढ्यात गेले, हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक. शिवाय सर्वांत मोठी बोली आली तरी द्यायलाच हवे असे बंधन त्याच्यावर नाही. तो शेवटपर्यंत नेहमीच्या दराने गिऱ्हाईक येते का, याची वाट पाहू शकतो. मासळीवाल्याला तशी सोय नाही; त्याचा माल ऊन चढले की पडतो.

मग तो काटा? काटाही विकणाऱ्याचाच. ‘दमदार’ दिसले म्हणून केबिन मिळेल अशी हमी नाही, आणि ‘कमकुवत’ दिसले म्हणून मिळणारच नाही असेही नाही. बोलीवाल्याला थोडे आणखी वर ढकलणे हे त्या काट्याचे काम, आणि ते तो चोख करतो.

बंद पाकिटातल्या लिलावाचे अर्थशास्त्र विल्यम विक्री या कॅनडात जन्मलेल्या अर्थतज्ज्ञाने १९६१ साली मांडले. त्याने सुचवलेल्या पद्धतीत सर्वांत मोठी बोली लावणारा जिंकतो, पण पैसे मोजतो दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढे. असे केले की प्रत्येकाला मनातली खरी किंमत लिहिणेच फायद्याचे ठरते. या आणि अशा कामासाठी विक्रीला १९९६ साली नोबेल मिळाले. घोषणेनंतर तीनच दिवसांत तो वारला. क्रूझ कंपन्यांनी त्याची ही दुसऱ्या क्रमांकाची सवलत अर्थातच उचलली नाही. इथे जेवढे लिहाल तेवढे द्याल. अशा बोलीत मनातली खरी किंमत लिहिणारा शहाणा नव्हे. तिच्याहून थोडे खाली थांबायचे असते.

किती खाली, याला एक भक्कम आधार आहे, आणि तो कंपनीच्याच संकेतस्थळावर उघडा असतो. समजा, दोघांनी आतली केबिन माणशी ८०० डॉलरला घेतली. तीच बाल्कनीची केबिन त्या वेळी माणशी १,१०० होती. बोली लावली १५०; मंजूर झाली तर बाल्कनी ९५०ला पडली, म्हणजे सौदा बरा. पण दरम्यान बाल्कनीचा दर उतरून ९२० झाला असेल, तर हीच बोली तोट्याची. म्हणून बोली लावायच्या दिवशी, आणि नंतरही अधूनमधून, त्याच बोटीचा त्याच तारखेचा चालू दर पाहावा. आधी भरलेले पैसे अधिक बोली, ही बेरीज चालू दराच्या वर जात असेल तर बोली मागे घेऊन सरळ फरक भरून केबिन बदलून मागावी. त्यात आणखी एक लाभ आहे: केबिन आपल्या पसंतीची मिळते.

बोलीत ती मिळत नाही. फक्त प्रकार मिळतो. मजला, बाजू, पुढे की मागे, हे कंपनी ठरवते. ज्यांना बोट लागते त्यांनी इथे विशेष जपावे. लाटांवर बोट हेलकावते तेव्हा सर्वांत कमी हालचाल मधल्या भागात आणि खालच्या मजल्यांवर जाणवते. वर आणि नाळेकडे जावे तसे पोट ढवळते. आधी विचार करून मधली, खालची, बिनखिडकीची केबिन घेतलेल्या आजीबाईंना हौसेने बाल्कनी मिळवून द्यावी आणि ती नेमकी दहाव्या मजल्यावर नाळेकडे निघावी, हे होऊ शकते. बाल्कनीच्या डोक्यावर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज. खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत ठेका. केबिन मंजूर झाल्यावर ‘ही नको, जुनीच बरी’ म्हणण्याची सोय नाही.

मराठी कुटुंब सहसा एका केबिनपुरते नसते, तिथे आणखी एक घोळ. आईवडील शेजारच्या खोलीत, मध्ये दोन्ही खोल्या जोडणारे दार, अशी आखणी केलेली असते. बोली मात्र एकेका खोलीवर लागते. मुलाची मंजूर झाली आणि वडिलांची राहिली, तर एक बिऱ्हाड नवव्या मजल्यावर आणि दुसरे तिसऱ्यावर. म्हातारी माणसे बरोबर असतील तर बाल्कनीपेक्षा ते मधले दार मोलाचे.

स्वीटवर बोली मारणाऱ्यांसाठीही दोन गोष्टी. स्वीटमध्ये बक्षिसीचा रोजचा दर साध्या केबिनहून जास्त असतो. आधीची बक्षिसी भरलेली असली तरी वरचा फरक निघू शकतो. आणि कंपनीच्या निष्ठावान गिऱ्हाइकांना मिळणारे गुण रॉयल कॅरिबियन मूळ आरक्षणाच्या दर्जानुसारच देते, बोलीत मिळालेल्या नव्हे.

गंमत अशी की रिकामी वरची जागा भरण्याचा हाच प्रश्न आपल्या रेल्वेने अगदी उलट्या टोकाने सोडवला. २००६पासून तक्ता बनवताना संगणक वरच्या वर्गातले मोकळे बर्थ खालच्या वर्गातल्या पूर्ण भाड्याच्या प्रवाशांना देतो, तेही फुकट. आरक्षणाच्या अर्जात त्याची संमतीची चौकट असते. चिपळूणला स्लीपरच्या डब्याची वाट पाहणाऱ्या माणसाला मोबाइलवर एसी डब्याचा क्रमांक दिसावा, हा त्याचाच प्रताप. अर्थात रेल्वेही कायम एवढी उदार नाही: सप्टेंबर २०१६पासून राजधानी, शताब्दी, दुरांतोमध्ये दर दहा टक्के जागा भरल्या की भाडे दहा टक्क्यांनी चढते; सुरुवातीला दीडपटीपर्यंत चढे, २०१९पासून १.४ पटीपर्यंत. पण तिथे निदान चढणारा दर सगळ्यांना सारखाच दिसतो. बोलीत दोन शेजारी बाल्कन्यांतली माणसे एकाच कठड्याला रेलून समुद्र पाहत असतात आणि एकाने दुसऱ्याच्या दुप्पट मोजलेले असतात. क्रूझवरच्या पहिल्या जेवणाला ‘तुम्हाला कितीला पडली?’ असे न विचारलेले बरे, ते यामुळेच. आपली माणसे विचारतातच, तो भाग वेगळा.

धोपावे-दाभोळ फेरीबोटीत हा पेच नाही. २००३पासून ती गाड्या आणि माणसे खाडीपलीकडे नेते; एसयूव्हीतला शेठ आणि मासळीच्या पाट्या घेतलेली बाई एकाच लोखंडी तळावर उभी असतात.

एजंटाकडून आरक्षण करणाऱ्यांसाठी एक शेवटची, पण सर्वांत उपयोगी गोष्ट. बोलीचे निमंत्रण सगळ्यांना येत नाही. काही सवलतीच्या आणि गटाच्या भाड्यांना ते लागूच नसते. आणि लागू असले तरी ते जाते आरक्षणात नोंदवलेल्या मेलवर. आपल्याकडे बरेच एजंट सोयीसाठी तिथे स्वतःचा पत्ता घालतात. मग निमंत्रण येते, मुदत संपते आणि प्रवाशाला बोटीवर गेल्यावर शेजाऱ्याकडून कळते. तेव्हा पैसे भरतानाच आपला मेल आणि मोबाइल नोंदवून घ्यावा, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर आरक्षण क्रमांक टाकून आपले भाडे या योजनेत बसते का ते पाहून ठेवावे.