मेंदूचा आजार, यीस्टची बशी

चैत्रात रायपूरच्या आसपासच्या गावांत मोहफुलं वेचून वाळवली जातात. पुढे ती पाण्यात भिजली, की त्यांतल्या साखरेची दारू करण्याचं काम यीस्टचं. असली एकपेशीय बुरशी पार्किन्सनच्या अभ्यासात कामाला येते म्हटल्यावर कुणीही विचारेल: जिला मेंदूच नाही, ती मेंदूच्या आजाराबद्दल काय सांगणार?

बरंच काही. त्यासाठी आधी प्रिऑन समजून घ्यायला हवा: प्रिऑन म्हणजे चुकीची घडी पडलेलं प्रथिन. विरजणाच्या थेंबाने दूध लागावं, तसं ते शेजारच्या धडधाकट प्रथिनाला आपल्यासारखं करून टाकतं. डीएनए नसतानाही संसर्ग! स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये हे मांडलं तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

यीस्टमधलं कोडं त्याहून जुनं. ब्रायन कॉक्स यांनी १९६५ मध्ये नोंदवलेला एक गुण पिढ्यान्‌पिढ्या उतरत होता, पण आनुवंशिकतेच्या नियमांत बसत नव्हता. हा प्रथिनाच्या घडीचा खेळ असावा, हे रीड विकनर यांनी १९९४ मध्ये सुचवलं. यामागचं प्रथिन सप-३५. पेशी प्रथिन बांधत असताना ‘इथे थांब’ ही खूण पाळली जाते ती याच्यामुळे. प्रयोगासाठी अ‍ॅडेनीन बनवणाऱ्या जनुकात मध्येच अशी खूण असलेलं यीस्ट घेतात. सप-३५ शाबूत असेल तर काम तिथेच तुटतं, लाल रंगद्रव्य साचतं आणि वसाहत लाल दिसते. चुकीची घडी पडून सप-३५च्या गुठळ्या झाल्या, की खूण ओलांडली जाते आणि वसाहत पांढरी. सूक्ष्मदर्शकाचीही गरज नाही.

गुठळ्या फोडून त्यांची नवी बीजं करणारं प्रथिन म्हणजे एचएसपी-१०४. ते नाहीसं झालं तरी प्रिऑन जातो आणि फार वाढलं तरी जातो, हे १९९५ मधलं निरीक्षण मला या साऱ्या कथेत सर्वांत मजेचं वाटतं.

टियागो औटेरो आणि सुझन लिंडक्विस्ट यांनी २००३ मध्ये पार्किन्सनशी जोडलेल्या अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाचं मानवी जनुक यीस्टमध्ये घातलं. एक प्रत त्याने सोसली. दोन प्रतींनी गुठळ्या झाल्या आणि वाढ खुंटली. हेच प्रथिन आधी द्रवाच्या थेंबांत गोळा होतं आणि मग घट्ट होत तंतू बनवतं, हे पवईच्या आयआयटीतल्या समीर माजी यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं.

अर्थात यीस्टला चेतापेशी नाहीत, आणि एचएसपी-१०४ माणसात नाही. बशीत लागू पडलेलं औषध रुग्णाला लागू पडेलच, असं मुळीच नाही. पण सुमारे ९० मिनिटांत दुप्पट होणाऱ्या या जिवाला प्राणीगृह लागत नाही. रायपूरच्या महाविद्यालयांनी हा लाल-पांढरा प्रयोग एमएस्सीच्या प्रात्यक्षिकांत जरूर घ्यावा.