वाळू, मणी आणि बाळाचा श्वास

वागळे इस्टेटमधील एखाद्या कारखान्यात यंत्र बिघडले, तर मुरलेला कारागीर लगेच पाना घेऊन ते खोलत नाही. आधी कान देतो. ठेका बदलला का? गती वाढली का? बाळाच्या छातीतील भात्याचीही अशीच परीक्षा घेता येते. कशी, ते पाहू.

बेट समुद्रातच असते असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागड बेटासारखे एकटे पडते. या जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. त्यांची प्रयोगशाळा कोणती? तर गावे! आणि मोजमाप करणारे? गावचीच माणसे!

तेथे लहान मुले न्यूमोनियाने दगावत होती. या रोगात फुप्फुसातील वायुकोशांत द्रव साठतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो, म्हणून बाळ भराभर श्वास घेते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि त्याहून मोठ्या तान्ह्याचे ५० किंवा अधिक भरले, तर धोका समजावा. पण अनेक दाईंना एवढे आकडे मोजता येत नव्हते. मग एक साधे उपकरण तयार झाले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि दोन वयोगटांसाठी मण्यांच्या दोन ओळी होत्या. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपण्याआधी तो सरकला, की औषध सुरू!

परिणाम काय झाला? १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आकडे प्रसिद्ध झाले. उपचाराच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी ८.१ होते, तर तुलनेच्या गावांत १७.५. पुढे १९९५ पासून ३९ गावांतील प्रशिक्षित स्त्रियांनी नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, त्यामागे या प्रयोगाचा मोठा वाटा आहे.

आता तुम्ही करून पाहा. आजोबा शांत झोपले असता त्यांच्या पोटाची हालचाल पाहून मिनिटभर श्वास मोजा. साधारण १२ ते २० भरतील. मात्र घरातील तान्हे बाळ आजारी असेल आणि भराभर श्वास घेत असेल, तर मोठ्यांना लगेच सांगा. त्याला तडक दवाखान्यात न्यायला हवे.