अर्धाच उरलेला मनोरा : जुन्या गोव्यातील ऑगस्टीन चर्चचे झाले काय?

बिदर : महमूद गवानच्या मदरशाचा एक मिनार उभा आहे, दुसरा सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोटात गेला, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. जुन्या गोव्यातही अशीच अर्धी उरलेली वास्तू आहे, संत ऑगस्टीन चर्च. मदरसा झाला त्याच १४७२ साली गवानने गोवा जिंकून बहमनी राज्याला जोडला होता. म्हणजे नाते जुनेच.

बांधले कोणी?
त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १५७२ मध्ये, ऑगस्टीन पंथाचे साधू गोव्यात आले. १६०२ मध्ये त्यांचे जांभा दगडाचे मोठे चर्च पूर्ण झाले. मनोरा सुमारे ४६ मीटर उंच. शेजारीच मठ.

पडले कसे?
शत्रूने पाडले नाही. रोगराईमुळे शहर आधीच ओस पडत चालले होते. त्यात १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने मठ बंद करून साधूंना बाहेर काढले. मग छपराकडे बघणार कोण? १८४२ मध्ये छताची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. घंटा तेवढी वाचली. १८७१ पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे.

ढिगाऱ्यात राणी
जॉर्जियाची राणी केतेवान हिने धर्म सोडायला नकार दिला, म्हणून इराणच्या शाह अब्बासने १६२४ मध्ये शिराझ येथे तिला ठार मारविले. साधूंनी तिच्या अस्थी १६२७ मध्ये गोव्यात आणल्या. चर्च पडले आणि त्या जागेचाच विसर पडला. जुन्या पोर्तुगीज कागदांत ‘खिडकीजवळची दगडी पेटी’ असा उल्लेख होता. त्यावरून पुरातत्त्व खात्याने खोदकाम केले आणि २००४-०५ च्या सुमारास हाडे सापडली.

पण ती राणीचीच कशावरून? आपल्या शेजारच्या हैदराबादेतील सीसीएमबी संस्थेने डीएनए तपासला. एका हाडातील मातृवंश भारतातल्या २२ हजारांहून अधिक नमुन्यांत कुठेच नव्हता. जॉर्जियातल्या ३० पैकी दोघांत मात्र तो निघाला. हाड बाईचे होते, हेही ठरले. हा निष्कर्ष २०१३ च्या सुमारास जाहीर झाला आणि जुलै २०२१ मध्ये भारताने अस्थींचा काही भाग जॉर्जियाला दिला.

आज काय?
हे अवशेष १९८६ पासून जागतिक वारसा यादीतील गोव्याच्या चर्चसमूहात आहेत. गोव्याला गेलेली आपली मंडळी बॉम जीझस चर्च बघून परततात. जवळच्याच टेकडीवर हा मनोरा आहे. पाच मिनिटे काढून बघावा.