पाइपातली हवा बाहेर काढा

तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत, तरी याच तालुक्यातले कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शेजारच्या मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातही पाणी असंच जपून वापरावं लागतं. 2019मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाणी घरच्या नळाला देण्याचं ठरवलं. अशा योजनांमध्ये काळा, लवचीक एचडीपीई पाइप सर्रास वापरला जातो. तो टिकवायचा, तर त्यात अडकणाऱ्या हवेकडे लक्ष द्यायला हवं.

इथली लाइन ओहोळात उतरते, टेकाडावर चढते. पाणी ठरावीक वेळीच सुटतं; मधल्या काळात लाइन रिकामी होते आणि उंचवट्यांवर हवा धरते.

या हवेचा धोका कळायला आधी पाण्याचा धक्का समजून घेऊ. वाहतं पाणी एकदम अडलं की दाबाची लाट उठते. तिचं गणित रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी 1898मध्ये मांडलं. सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी क्षणात थांबलं, तर लोखंडी पाइपात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दहा किलो जादा दाब येतो. एचडीपीई थोडा फुगतो, त्यामुळे त्यात तो तीन किलोच्या आसपास राहतो. म्हणून लवचीक पाइपाला धोका नाही, असा समज होतो.

हवा हा समज खोटा ठरवते. रिकाम्या लाइनमध्ये चावी झटकन उघडली की पुढे अडवायला काही नसल्याने पाणी भरधाव सुटतं आणि टोकाला कोंडलेल्या हवेवर आदळतं. हवा भरपूर असेल, तर ती गादीसारखा धक्का झेलते. ती थोडीच उरली असेल, तर इतकी दाबली जाते की दाब टाकीच्या उंचीने मिळणाऱ्या दाबाच्या कितीतरी पट चढतो. सहा किलो दाब सोसणाऱ्या पाइपाचे जोड मग निसटतात. पाइप लवचीक असल्याचा इथे फारसा उपयोग होत नाही, कारण हवा त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त दबते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. प्रत्येक उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह हवा. लाइन भरताना तो हवा सोडतो. रिकामी होताना हवा आत घेतो, त्यामुळे फुटक्या जोडांतून गढूळ पाणी आत ओढलं जात नाही. चावी सावकाश उघडावी आणि भरणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला एका फुटाच्या आत ठेवावा.

योजनेचा नकाशा ग्रामसभेत येईल, तेव्हा टाकी किती लिटरची एवढंच विचारून थांबू नका. एअर व्हॉल्व्ह कुठे कुठे आहेत, हेही विचारा आणि व्हॉल्व्हमनला चावी सावकाश फिरवायला पुरेसा वेळ द्या.