गाडी चढाला ओढत नाही? ‘टर्बो गेला’ म्हणण्याआधी हे तपासा

गागोदे बुद्रुक (ता. पेण) : सुकेळी खिंड किंवा खोपोलीपुढचा बोरघाट चढताना डिझेल गाडीचा पिकअप अचानक पडतो, मागे काळा धूर दिसतो, इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की ‘पी ०२९९’ हा कोड येतो आणि ‘टर्बो गेला’ असं ऐकून मालकाच्या पोटात गोळा येतो. पण या कोडचा अर्थ टर्बो खराब असा नाही. इंजिनला हवा जेवढ्या दाबाने मिळायला हवी, तेवढ्या दाबाने मिळत नाही, एवढंच तो सांगतो. म्हणून तपास स्वस्त भागापासून सुरू करावा.

फिल्टर आणि पाइप : आधी एअर फिल्टर पाहावा. उन्हाळ्यात तो धुळीने भरतो, पावसाळ्यात ओला होतो. मग टर्बोपासून इंटरकूलर आणि पुढे इंजिनपर्यंतचे रबरी पाइप व क्लिपा पाहाव्यात. चिरलेल्या जागी बहुधा तेलकट डाग असतो, ॲक्सिलरेटर दिल्यावर फुस्स आवाज येतो. गॅरेजमध्ये कमी दाबाची हवा भरून साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे गळती दाखवतात.

व्हॅक्यूम नळी आणि ॲक्च्युएटर : टर्बोचा दाब ॲक्च्युएटरची दांडी सांभाळते. बऱ्याच गाड्यांत ती व्हॅक्यूमवर चालते. बारीक नळी फाटली किंवा दांडी काजळीने अडकली, तर टर्बो चांगला असूनही दाब तयार होत नाही.

सेन्सर : चावी ऑन, इंजिन बंद ठेवून स्कॅनरवर मॅप सेन्सरचा आकडा पाहावा. पेण-रोह्यासारख्या समुद्रसपाटीजवळच्या भागात तो साधारण १०० किलोपास्कल हवा. फारच वेगळा असेल तर सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगवर संशय घ्यावा. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे का, सायलेन्सरची लाइन चोंदली आहे का, हेही पाहावं.

शेवटी टर्बो : इंजिन बंद आणि थंड असताना पाइप काढून शाफ्ट हलवून पाहतात. बाजूला किंचित हलणं चालतं; पण पुढे-मागे खेळ असेल किंवा पाती घराला घासत असतील, तर मात्र टर्बोचं काम निघालं.

तेव्हाही तो का गेला, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल जुनं किंवा त्याची नळी चोंदलेली असेल, तर नवा टर्बोही लवकर जातो. त्यामुळे ऑइल आणि फिल्टर बदलून नळी साफ करावी किंवा बदलावी.

वाहनधारकांनी बिल देण्याआधी फिटरला एवढंच विचारावं : पाइपची गळती तपासली का, दांडी हलते का, शाफ्टला खेळ किती आहे? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय टर्बो बदलायला होकार देऊ नये.