न दिसणारा सूत्रधार

पडद्यावर चित्र चालू आहे, बोलणारा मात्र दिसत नाही. फक्त त्याचा आवाज ऐकू येतो. या तंत्राला 'व्हॉइस ओव्हर' म्हणतात. मराठीत 'पार्श्वनिवेदन' किंवा नुसते 'निवेदन' म्हटले तरी चालते. माहितीपट, जाहिराती, बातम्या यांतून हा आवाज इतका अंगवळणी पडला आहे, की बोलतो आहे कोण, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. या लेखात तोच प्रश्न विचारायचा आहे.

निवेदक आपल्याला नवा नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले. त्यांच्या नाटकांत सूत्रधार पदांतून कथा पुढे नेई आणि पात्रे आयत्या वेळी गद्य भाषणे करीत. पण हा सूत्रधार रंगभूमीवर सर्वांसमक्ष उभा असे आणि विदूषक त्याची थट्टा करू शके. ध्वनिमुद्रित निवेदनात चेहरा गेला आणि उलट बोलण्याची सोयही गेली.

याचे ठळक उदाहरण म्हणजे १९४८ मध्ये मुंबईत सुरू झालेली फिल्म्स डिव्हिजन. तिचे माहितीपट आणि समाचारचित्रे मुख्य चित्रपटाआधी दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. त्यांतील भारदस्त निवेदन आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कोणालाही आठवेल. त्यामागे व्यवहार होता. चित्रीकरणाच्या जागी आवाज नोंदवणे अवजड आणि खर्चिक होते. शिवाय एकच माहितीपट अनेक भाषांत न्यायचा असे. पडद्यावरचा माणूस बोलत नसला, की नुसते निवेदन बदलून काम भागे. परिणाम असा, की नांगर शेतकऱ्याच्या हातात आणि त्याच्या आयुष्याचा अर्थ निवेदकाच्या तोंडी. सोयीपोटी आलेली पद्धत अधिकारवाणी होऊन बसली.

या अधिकारवाणीला तडा गेला तो संस्थेच्या आतूनच. १९६७ मध्ये एस. सुखदेव यांनी 'इंडिया ६७' निवेदनाशिवाय केला. दृश्ये, भोवतालचे आवाज आणि संगीत यांवर तो उभा आहे. त्याच वर्षी एस. एन. एस. शास्त्री यांच्या 'आय ॲम ट्वेंटी'त स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली मुलेमुली स्वतःच्या तोंडाने बोलली. देशाविषयीची आशा त्यांच्या बोलण्यात होती, तशी नाराजीही होती.

दूरदर्शनवरच्या 'महाभारत' मालिकेत (१९८८-९०) हरीश भिमाणी यांच्या आवाजाने थेट 'समय' हे नाव घेतले. साक्षात काळच कथा सांगू लागल्यावर तिच्याशी वाद कोण घालणार? पुराणकथेत ही योजना शोभते. माहितीपटाने तोच आव आणला, की अडचण होते.

आनंद पटवर्धन यांच्या 'बॉम्बे : अवर सिटी' (१९८५) या मुंबईतील झोपडपट्टीवासीयांवरच्या माहितीपटात एक बाई दिग्दर्शकालाच सुनावते, की आमची चित्रे घेऊन आमचे काय भले होणार? पटवर्धनांनी तो प्रसंग कापला नाही. पुढे 'जंग और अमन' (२००२) मध्ये त्यांनी निवेदन वापरले, पण स्वतःच्या आवाजात आणि 'मी' म्हणून. हा फरक मोलाचा आहे. 'मी'ला नाव असते आणि त्याला जाब विचारता येतो.

आज मोबाइलवरच्या कित्येक चित्रफितींचे निवेदन यंत्राने घडवलेल्या आवाजात असते. फिल्म्स डिव्हिजनच्या आवाजामागे निदान सरकार आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक होते. या नव्या आवाजामागे कोण आहे, हे अनेकदा कळतच नाही. अशा वेळी एक साधी कसोटी उपयोगी पडते. चित्रफीत आधी आवाज बंद करून पाहावी, मग आवाजासह. दृश्याने काय दाखवले आणि आवाजाने काय वर घातले, हे लगेच वेगळे होते. जे फक्त आवाजाने सांगितले, त्याचा पुरावा मागण्याचा हक्क प्रेक्षकाने सोडू नये.