उन्हाळी धानाला खंड, पाण्याची बचत आणि किडींना आळा

रायपूर–धमतरी मार्गावरील अभनपूर हा छत्तीसगडच्या धानपट्ट्यातील तालुका. त्याच्या एका अंगाला महानदी, तर दुसऱ्या अंगाला तिची उपखोऱ्यातील खारून नदी वाहते. येथील बराचसा धान महानदी मुख्य कालव्याच्या पाण्यावर पिकतो. १९२३ साली पूर्ण झालेले मुरूमसिल्ली, त्यानंतरचे दुधावा आणि सर्वांत मोठे रविशंकर सागर अर्थात गंगरेल ही धरणे या कालव्याचा आधार आहेत. एकट्या गंगरेलचा उपयुक्त साठा सुमारे ७६७ दशलक्ष घनमीटर आहे. मात्र त्यातूनच भिलाईचा पोलाद कारखाना आणि रायपूर शहराची तहान भागवावी लागते. खाली ओडिशात १९५७ पासून हिराकूड धरण उभे असून महानदीच्या पाणीवाटपासाठी मार्च २०१८ मध्ये लवाद नेमण्यात आला. म्हणजेच खोऱ्यातील प्रत्येक थेंबाला आता एकाहून अधिक दावेदार आहेत.

हिशेब पाण्याचा

एक हेक्टर क्षेत्रावर एक सेंटिमीटर पाणी देणे म्हणजे एक लाख लिटर पाणी. उन्हाळी धानाला सुमारे १२० सेंटिमीटर पाणी धरल्यास हेक्टरी १ कोटी २० लाख लिटर होतात. दरडोई दररोज १३५ लिटर या नागरी मानकानुसार तेवढ्यात सुमारे २४० माणसांची वर्षभराची गरज भागते. हरभऱ्याला सहा सेंटिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या, तर १२ लाख लिटर, म्हणजे केवळ दहावा हिस्सा पुरतो.

मे महिन्याअखेर धरणात उरलेले पाणी हा पुढील खरिपाचा विमाच असतो. छत्तीसगडमध्ये पेरून घेतलेल्या धानात साधारण महिनाभराने साचलेल्या पाण्यात नांगर फिरवतात. यालाच 'ब्यासी' म्हणतात. पाऊस लांबला आणि कालवाही कोरडा असला, तर ब्यासी रखडते व तण माजते.

किडींचे गणित

तपकिरी तुडतुडे (स्थानिक नाव 'माहो') आणि पिवळा खोडकिडा या दोन्ही किडी प्रामुख्याने धानावरच जगतात. खरिपानंतर शिवार धानाविना राहिले की त्यांची साखळी तुटते. उन्हाळी धान उभा असल्यास मात्र त्यांना वर्षभर आश्रय मिळतो आणि पुढील खरिपातील प्रादुर्भावाला तेथूनच बीज मिळते. त्यात सतत साचलेले पाणी, दाट लागवड आणि नत्राचा अतिरेक यांमुळे तुडतुड्यांना पोषक वातावरण लाभते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांच्या फवारणीने मिरीड ढेकूण व कोळी हे मित्रकीटक मरतात आणि तुडतुडे अधिक जोमाने उसळतात.

एकट्याचा निर्णय अपुरा

तरीही शेतकरी उन्हाळी धानाकडे वळतो, यामागे सबळ कारण आहे. शेजारच्या बांधीत पाणी साचलेले असताना आपल्या बांधीत हरभरा घेतल्यास पाझराने मुळे कुजतात. शिवाय तुडतुडे बांध ओलांडून येतातच. म्हणून पीकबदलाचा निर्णय एका शेताचा नसून एका वितरिकेचा असावा लागतो. पाणीवापर संस्थेने आवर्तन ठरण्यापूर्वीच त्या वितरिकेवरील सर्व गावांना एकत्र बसवणे हे विस्तार कार्यकर्त्यांचे पहिले काम होय.

शिफारशी

• धान कापणीपूर्वी दोन-तीन आठवडे उभ्या पिकात तिवरा (लाखोरी) फोकून उतेरा पद्धतीने घ्यावा. इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचा 'महातिवरा' हा कमी विषद्रव्याचा वाण त्यासाठी उपलब्ध आहे.

• ओलिताची सोय असल्यास हरभरा किंवा मोहरी सलग क्षेत्रावर घ्यावी.

• उतेरा नसलेल्या शेतात कापणीनंतर नांगरट करून धसकटे गाडावीत.

• खरीप धानात आळीपाळीने ओल-कोरड ठेवावी. छिद्रे पाडलेली नळी जमिनीत बसवून पाणी पृष्ठभागाखाली १५ सेंटिमीटर गेल्यावरच पुढील पाळी द्यावी. फुलोऱ्यात मात्र पाण्याचा ताण देऊ नये.

• आठवड्यातून एकदा चुडाच्या बुंध्याशी पाहणी करावी. चुडात सरासरी १० तुडतुडे आढळल्यास प्रथम तीन-चार दिवस पाणी काढून टाकावे.

भंडारा-गोंदियातील इटियाडोह आणि गोसीखुर्द प्रकल्पांच्या लाभक्षेत्रातही धान हेच मुख्य पीक असल्याने तेथील कार्यकर्त्यांनीही हाच विचार करावा. पाण्याची पाळी आणि किडीचा बंदोबस्त यांचे नियोजन एकाच बैठकीत व्हावे आणि ती बैठक दिवाळीपूर्वी व्हावी. रोपवाटिका पडल्यानंतर बदलाला वाव राहत नाही.